दंडातला उंदीर

पहिल्याच दिवशी व्यायामवालीने चूक केली. पलंगाशी खुर्ची ओढून बसली, काकांचा लुळा पडलेला डावा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "काका, हा वरचा स्नायू जरा आवळून दाखवा बघू." ज्या माणसाने उभा जन्म शब्दांच्या मागे घालवला, त्याच्यापुढे असा शब्द टाकायचा म्हणजे झालंच की!

"स्नायू," काका म्हणाले आणि उशीवर जरा वर सरकले. "स्नायू म्हणजे मुळात दोरी. धनुष्याला लावतात तसली तात. आपल्या शब्दात दोरी आहे. पण तिकडे युरोपात काय आहे, ठाऊक आहे? उंदीर!"

"उंदीर?" व्यायामवाली म्हणाली. ही तिची दुसरी चूक.

मग काय विचारता! लॅटिनमध्ये उंदराला मूस म्हणतात, लहानशा उंदराला मुस्कुलुस. त्या मुस्कुलुसचाच फ्रेंचांनी म्युस्क्ल केला, इटालियनांनी मुस्कोलो आणि इंग्रजांनी मसल. कुणीतरी रोमन माणसाने दंड आवळला, कातडीखाली काहीतरी पळाल्यासारखं दिसलं आणि तो म्हणाला असेल, अरे, हा तर उंदीर. काका हे सगळं इतक्या रंगात येऊन सांगत होते की व्यायामवाली हात मांडीवर घेऊन ऐकतच बसली. तिची वेळ संपली. काकांचा दंड होता तसाच होता, ओल्या टॉवेलसारखा गार आणि ढिला.

स्वयंपाकघरात शिवणबाई हे ऐकत होती आणि तिचा नुसता तिळपापड होत होता. शिवणबाई म्हणजे काकांची बायको. गल्लीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. अर्ध्या गल्लीच्या लेकीसुना तिच्याकडे कापड बेतायला शिकल्या होत्या, म्हणून ती शिवणबाई. नवऱ्याचं नाव तिनेच ठेवलं होतं, शब्दोबा. तोंडावर 'अहो' आणि पाठीमागे शब्दोबा. शब्दोबा नोकरीत होता तेव्हा यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद आणि करारमदार एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचा. पाच-सहा परक्या भाषा त्याला घरच्यासारख्या होत्या. घरात मात्र त्याचा उपयोग शून्य. किल्ली हरवली तर शोधणं राहिलं बाजूला, 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे तो पायरीवर बसून सांगायचा. दाराची बिजागरी सैल झाली तर तीही पोर्तुगीजांचीच निघायची, आणि स्क्रू आवळायचा शिवणबाईने. अंगाला काही लावून घ्यायचं नसलं की या माणसाला हमखास शब्द सुचतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"अगं, ऐकलंस का, ती मुलगी चांगली आहे," व्यायामवाली गेल्यावर काका म्हणाले. "तिला गोडी आहे."

"तिला गोडी आहे आणि तुम्हाला हात नाही," शिवणबाई म्हणाली. गोड बोलणं तिला जमतच नसे. शिवणाच्या वर्गातसुद्धा वाकडी शिवण दिसली की ती सरळ उसवून हातात द्यायची. मुली रडायच्या आणि मग चांगलं शिकायच्या.

पण त्या दिवशीचा तिचा राग नुसता राग नव्हता, त्याच्या पोटात भीती होती. काकांना झटका आला त्याला बरेच आठवडे झाले होते. बोलणं शाबूत राहिलं, डावा पाय हळूहळू भार घ्यायला लागला, पण डावा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत होता. आणि काका होते डावरे. त्यांना पलंगावरून उठवायचं म्हणजे शिवणबाईने काखेत हात घालून ओढायचं. ती चिमणीएवढी आणि काका चांगले धिप्पाड. एकदा दोघंही तसेच जमिनीवर आले, आणि नेमकी तेव्हा लेक घरात होती.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. आई-बापाला असं फरशीवर पडलेलं पाहून ती आधी घाबरली, मग रडली आणि मग चिडली. "आई, तुझी पाठ गेली आणि तूही अंथरूण धरलंस तर मी कुणाकुणाला बघू?" तिचंही बरोबरच होतं. तिने डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, महिनाअखेरीपर्यंत दंडात जीव असल्याची काही खूण दिसली, तर हाताने जोर द्यायला शिकतील आणि एका माणसाच्या आधाराने उठतील. मग घरी ठेवण्यात अर्थ आहे. खूण नाही दिसली तर त्यांना दोन धडधाकट माणसं लागणार, आणि तशी माणसं शुश्रूषा केंद्रातच असतात. खूण आहे की नाही हे व्यायामवालीने सांगायचं. लेकीने केंद्रात एक खाट धरून ठेवली. हे काकांना सांगायचं नाही, असंही ठरलं. धसका घेतील म्हणून.

शिवणबाई ते केंद्र बघून आली होती. गावाबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. स्वच्छ होतं, वास नव्हता, नर्स तरतरीत होत्या, नाव ठेवायला जागा नव्हती. मोठ्या दालनात म्हातारी माणसं ओळीने खुर्च्यांवर बसली होती. समोर टीव्ही चालू होता. ती तिथे बराच वेळ उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात कुणीच कुणाशी एक अक्षर बोललं नाही. घरी परत येताना बसमध्ये तिला रडू कोसळलं. इथे आपल्या माणसाला खायला मिळेल, औषध मिळेल, पण याचं ऐकणार कोण? हा माणूस बोलला नाही तर महिन्याभरात सुकून जाईल. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "काय झालं हो?" तर शिवणबाई म्हणाली, "धूळ गेली डोळ्यात." बसच्या काचा बंद होत्या.

दुसऱ्या खेपेला व्यायामवाली आली तेव्हा शिवणबाई स्वयंपाकघरात थांबलीच नाही. ती पदर खोचून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली.

"आज उंदीरबिंदीर काही नाही," तिने बजावलं.

व्यायामवाली हसली. तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती, एका दिवसात तिने काकांना ओळखलं होतं. तिला एक गुळगुळीत फळी हवी होती, कोपराच्या उंचीची. शिवणबाईकडे कापड बेतायचं टेबल होतं, वर्षानुवर्षं कापड सरकवून सरकवून काचेसारखं झालेलं. दोघींनी ते ओढून काकांच्या खुर्चीपुढे आणलं. व्यायामवालीने त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली आणि काकांचा हात त्यावर आडवा ठेवला.

"हात उचलायचाच नाही," ती म्हणाली. "उचलायला ताकद लागते, ती आत्ता नाहीये. नुसता घसरवायचा. कोपर वाकवा, हात छातीकडे आणा. आला नाही तरी मनातून आणा. आणि मी इथे दंडावर बोटं ठेवणार. आत काही हललं तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं."

"म्हणजे तू उंदीर पकडायला बसलीस," काका म्हणाले.

"बसले. आणि आपलं ठरलं, काका. तुम्ही प्रयत्न करताय तोवर कितीही बोला. प्रयत्न थांबला की बोलणं थांबलं. कबूल?"

काकांनी असा व्यवहार जन्मात केला नव्हता, पण बोलायला मिळणार म्हटल्यावर ते कबूल झाले. आणि सुरू झाले. जर्मन लोक स्नायूला मुस्केल म्हणतात, तो लॅटिनचाच उसना. पण अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्याला ते आपल्या घरच्या शब्दाने उंदीर म्हणतात. डच लोकही तसंच. ग्रीकांचं तर काय सांगावं, उंदराला आणि स्नायूला त्यांचा जुना शब्दच एक. रशियन भाषेत उंदीर म्हणजे मिश आणि स्नायू म्हणजे मिश्त्सा. फ्रेंच खाटकाकडे जाऊन 'उंदीर द्या' म्हटलं तर तो मेंढीच्या तंगडीचं मांस कापून देतो. स्पॅनिश खाटीकही गाईच्या तंगडीचं मांस ज्या नावाने ओळखतो त्याच्या पोटात लॅटिन उंदीरच बसलेला आहे.

"एवढी शिकलेली माणसं आणि सगळ्यांच्या अंगात उंदीर," शिवणबाई म्हणाली. "आमच्या वेळी पोरं दंड आवळून बेडकुळी दाखवायची. बेडकुळी बरी. उडी तरी मारते."

काका बोलता बोलता थांबले. त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच परगावाहून आली.

"बेडकुळी!" ते म्हणाले. "अगं, बेडकुळी की! म्हणजे लहानसा बेडूक! त्यांनी उंदीर पाहिला आणि आपण बेडूक पाहिला! मी सगळा युरोप धुंडाळला आणि हे माझ्या अंगातलंच..." त्यांना पुढे बोलवेना, इतका आनंद झाला. आनंद हो, शुद्ध आनंद. हात लुळा पडलेला माणूस दंडाच्या शब्दावर असा खूश झालेला व्यायामवालीने आयुष्यात पाहिला नसेल.

"थांबलात, काका," ती म्हणाली. "वाकवा कोपर."

काकांनी त्या दिवशी खरंच जोर लावला. बोलणं बाजूला ठेवून, दात आवळून, कपाळावर घाम येईतो. हात टेबलावर पावडरीत पडून राहिला. त्यांनी हाताकडे पाहिलं, पुन्हा जोर लावला, पुन्हा पाहिलं. व्यायामवालीची बोटं दंडावर होती आणि तिचा चेहरा कोरा होता.

"काही?" काकांनी विचारलं.

"अजून नाही. येईल."

इथे शिवणबाईला एक गोष्ट उलगडली, आणि तिची तिलाच लाज वाटली. हा माणूस आळसाने टाळाटाळ करत नव्हता. जोर लावला की हात हलत नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं, आणि ते त्याला बघवत नव्हतं. बोलत असताना तो अख्खा असायचा.

त्या दिवसापासून काका बोलेनासे झाले. रुसले म्हणावं तर तसंही नाही. चहा दिला, घेतला. वर्तमानपत्र पुढे ठेवलं, तर तसंच घडी घातलेलं राहिलं. शिवणबाईने मुद्दाम विचारलं, "अहो, बशी हा शब्द कुठला हो?" तर म्हणाले, "असेल कुठलातरी." घरात इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. केंद्रातल्या त्या दालनासारखीच ही शांतता होती, आणि ती इथे आपण होऊन चालत आली होती.

व्यायामवाली आठवड्यातून दोनदाच यायची. मधल्या दिवसांत शिवणबाईने व्यायाम करून घ्यायचा असं ठरलं होतं. तिने टेबलावर पावडर टाकली, हात ठेवला, दंडावर बोटं ठेवली. बोटं तिची पक्की होती. दोन कापडं एकावर एक असली तर खालच्याला पडलेली घडी तिला वरून कळायची.

"वाकवा," ती म्हणाली.

काकांनी मन नसल्यासारखा जोर लावला. बोटांखाली काही नव्हतं.

"थांबा थांबा!" शिवणबाई म्हणाली. "धावला."

"काय?"

"उंदीर. आत्ता. इथे, बोटाखाली."

"खरंच?"

"मग काय खोटं? मी कशाला खोटं बोलू?"

काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले, चांगला वेळ. तिने नजर चुकवली नाही. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "धावला म्हणतेस," ते म्हणाले. "बघू, परत धावतो का." आणि त्यांनी परत जोर लावला, या वेळी खरोखरचा.

घर पुन्हा बोलायला लागलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी टेबलावर पावडर पडे, काका कोपर वाकवत, म्हणजे मनातून वाकवत, आणि शिवणबाई सांगे, "धावला," किंवा "आज जरा मंद आहे, पण आहे." आणि आश्चर्य म्हणजे काका आता आधी काम करत आणि मग बोलत. सांगितल्यापेक्षा जास्त वेळा करत. शिवणबाईला वाटे, बरं झालं, लागली गाडी रुळाला. आणि लगेच ती भिंतीवरचं कॅलेंडर बघायची, कारण महिनाअखेर काही आपल्या खोटेपणासाठी थांबणार नव्हती.

खालच्या मजल्यावर एक प्लंबर राहायचा. त्याला रोज वरून ऐकू येई, "धावला का उंदीर?" "हो, धावला!" एके दिवशी तो सरळ जिना चढून वर आला, हातात लोखंडी पिंजरा. "काकू, संकोच करू नका, माझ्याकडे पडूनच होता," तो म्हणाला. "केवढा आहे?" काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी प्लंबरला बसवून घेऊन रोमन लोकांपासून सगळं सांगितलं. बिचाऱ्याचा चहा गार झाला. जाताना तो पिंजरा ठेवूनच गेला; न जाणो, म्हणाला.

व्यायामवाली आली की तीही बोटं ठेवायची. शिवणबाईने 'धावला' म्हटल्यानंतरच्या पहिल्या खेपेला काकांनी तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं, "अगं, इकडे उंदीर धावायला लागला आहे, हिला विचार." व्यायामवालीने बोटं ठेवली. वाट पाहिली. परत करायला लावलं. मग म्हणाली, "छान चाललंय काका," आणि पाणी प्यायला म्हणून शिवणबाईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"काकू, मला काही लागलं नाही."

"तुझी बोटं गार असतात."

"काकू."

शिवणबाईने पेला घासायला घेतला. तो घासलेलाच होता. "तो बोलेनासा झाला होता, गं," ती म्हणाली. "मी काय करायला हवं होतं?"

व्यायामवालीने तिच्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाली, "तुमच्यामुळे ते व्यायाम करतायत, हे मला दिसतंय. म्हणून त्यांच्यासमोर मी काही बोलणार नाही. पण तुमच्या लेकीला मला खरं तेच सांगावं लागेल. उद्या तुम्ही त्यांना उठवताना पडलात तर ते माझ्या माथी येईल, आणि माझ्या मनातून जाणार नाही. शेवटच्या शुक्रवारी मी बघेन. जे बोटाला लागेल, तेच सांगेन."

"सांग बाई," शिवणबाई म्हणाली. "तुझं बरोबर आहे." आणि मनात तिने त्या बरोबरला दहा शिव्या दिल्या.

तो शुक्रवार उजाडला. लेकीचा सकाळीच फोन येऊन गेला. केंद्रातली माणसं दुपारपर्यंत थांबायला तयार होती, मग खाट दुसऱ्या कुणाला देणार होती. शिवणबाईने काकांची दाढी केली, स्वच्छ सदरा घातला. सदऱ्याची डावी बाही तिने उसवून बंद लावले होते, म्हणजे हात घालताना त्रास नको. काका आज शांत होते, पण ती आधीची शांतता नव्हती. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे दिसत होते. शिवणबाईला वाटलं, आपल्याला उगाच तसं वाटतंय, यांना कुठे काय माहीत आहे?

व्यायामवाली आली. तिने टेबल पुसून घेतलं, पावडर टाकली, हात ठेवला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "काकू, आधी तुम्ही ठेवा बोटं. तुमची सवय आहे त्यांना."

शिवणबाईने बोटं ठेवली. काकांनी डोळे मिटले. जोर लावला. काही नाही. परत. काही नाही. तिचं तोंड सवयीने उघडलं होतं 'धावला' म्हणायला, पण व्यायामवालीसमोर शब्द बाहेर येईना.

"अजून एकदा," काका स्वतःच म्हणाले.

आणि तिच्या मधल्या बोटाखाली काहीतरी सरकलं. इतकं बारीक, जसा शिवणीच्या खालून दोरा ओढला जावा. लगेच थांबलं. ती पुतळ्यासारखी उभी राहिली. काकांनी कुणी न सांगता पुन्हा जोर लावला, आणि ते पुन्हा सरकलं, कोपराकडून वर. आत जीव होता. तिच्या माणसाच्या हातात जीव होता, तो तिच्या बोटाला लागत होता, आणि तिला बोलता येईना. बोलणार काय? इतके दिवस रोज सकाळ-संध्याकाळ हेच तर ती सांगत आली होती! आता 'धावला' म्हटलं तर ते कालच्यासारखंच, आणि 'आज पहिल्यांदाच धावला' म्हटलं तर संपलंच सगळं. ती नुसती त्या दंडाकडे बघत राहिली. डोळ्यातलं पाणी टेबलावरच्या पावडरीत टपकलं आणि तिथे लहान लहान गोळे झाले.

व्यायामवालीने तिचा हात अलगद बाजूला केला आणि आपली बोटं ठेवली. "परत, काका." थांबली. "परत." मग तिने इतक्या दिवसांत कधी केलं नव्हतं ते केलं, खुर्चीतून ताडकन उठली.

"आहे," ती म्हणाली. "आहे, काकू! अगदी थोडं आहे, पण आहे."

लेकीला तिनेच फोन लावला, तिथेच उभं राहून, मोठ्या आवाजात. घरीच ठेवायचं म्हणाली, आता आठवड्यातून तीनदा येईन म्हणाली, आणि आईला एकटीने उठवू द्यायचं नाही, खालच्या प्लंबरला सकाळ-संध्याकाळ हाक मारायची, जिन्यात भेटला तेव्हा तो आपण होऊन तयार झालाय, असंही म्हणाली. फोनमधून लेकीच्या रडण्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. मग व्यायामवालीने पिशवी उचलली आणि तिच्या पुढच्या घरी गेली, कारण तिथेही कुणाचातरी हात तिची वाट बघत होता.

खोलीत दोघंच उरली. शिवणबाई फडकं घेऊन टेबलावरची पावडर पुसायला लागली.

"आज पहिल्यांदा धावला ना?" काका म्हणाले.

तिचं फडकं थांबलं. "कशावरून?"

"रोज 'धावला' म्हणायचीस तेव्हा तू माझ्या तोंडाकडे बघायचीस. आज हाताकडे बघत राहिलीस. आणि बोललीच नाहीस."

"कधीपासून कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. अगं, माझ्या कशालाही तू जन्मात कधी चांगलं म्हटलं नाहीस. तू माझ्यासाठी खोटं बोललीस, म्हणजे काहीतरी भयंकर असणार हे मला कळायला नको? मला कुठेतरी पाठवायचं चाललं होतं ना?"

शिवणबाई मटकन खुर्चीत बसली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, मोठ्या रस्त्यावरचं ते केंद्र, लेकीने धरलेली खाट, डॉक्टर काय म्हणाले ते.

"म्हणून तुम्ही इतकं झटून करत होतात?"

"मग काय उंदरासाठी?" काका म्हणाले. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "वाईट आहे का गं ती जागा?"

"नाही. चांगली आहे. माझ्या पाठीला तर फारच चांगली होती."

"मग तुला का नको होतं?"

तिने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "तिथे तुमचं ऐकायला कुणी नव्हतं," ती म्हणाली.

काकांनी उजव्या हाताने डोळे पुसले, तरी ते भरतच राहिले. "इतकी वर्षं," ते म्हणाले, "मला वाटायचं, तूच माझं ऐकत नाहीस."

"ऐकत नव्हतेच," शिवणबाई म्हणाली. "पण घरात ऐकू येत असायचं." मग तिने नाक पुसलं, डबा उघडला आणि नुकत्याच पुसलेल्या टेबलावर पुन्हा पावडर टाकली. "ठेवा हात. मघाशी त्या पोरीच्या घाईत मला नीट लागलंच नाही."